एकवीस रकान्यांची सुरक्षा

वासंतीताईंचं व्हॉट्सॲप चोरीला गेलं, हे भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादेतल्या मराठी मंडळींना चोराच्या नम्रपणामुळे कळलं. सकाळी साडेनऊला बाईंच्या नंबरवरून बाकीच्या बावन्न घरांना निरोप आला, "नमस्ते, कैसे हैं आप, एक छोटी सी मदद चाहिए." आता वासंतीताईंनी उभ्या आयुष्यात कोणाला कसे आहात म्हणून विचारलं नव्हतं, आणि मदत तर त्या मागत नसत, फर्मावत. दहा मिनिटांत सगळ्यांनी ओळखलं की या बाई नव्हेत. झालं होतं एवढंच, की कोणीतरी गोड आवाजात 'मंडळाच्या हळदीकुंकवाच्या यादीसाठी' म्हणून त्यांच्या मोबाइलवर आलेला सहा आकडी नंबर विचारला, आणि बाईंनी तो सावकाश, दोनदा, समोरच्याला नीट लिहून घेता यावा अशा बेताने सांगितला.

लगेच कोटरा महाराष्ट्र स्नेहमंडळाच्या कार्यकारिणीची तातडीची बैठक भरली. या कार्यकारिणीला तातडीच्या वेळी दोनच गोष्टी सुचतात, चहा आणि व्याख्यान. चहा झाल्यावर व्याख्यान ठरलं. विषय, 'ऑनलाइन सुरक्षा: संज्ञा आणि धोके'. पण मंडळाचे कायमचे वक्ते विजयराव उमाळकर, निवृत्त इंजिनिअर, ज्यांनी मधुमेहापासून मंगळावरच्या पाण्यापर्यंत कशावरही बोलायला आजवर नकार दिला नव्हता, ते नेमके साकेत नगरच्या इस्पितळात मोतीबिंदूचं ऑपरेशन करून डोळ्याला हिरवी पट्टी लावून घरी पडले होते. तीन आठवडे मोबाइलकडे बघायचंदेखील नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा सगळ्यांच्या नजरा नाइलाजाने अनंतराव खळतकरांकडे वळल्या.

अनंतराव टी. टी. नगरातल्या एका संचालनालयातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचे वडील नागपूरहून फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर भोपाळला आले, आणि मुलगा त्या गठ्ठ्यांतून कधी बाहेर आला नाही. गेली अकरा वर्षं ते विजयरावांच्या व्याख्यानाला खुर्च्या मांडत होते. नुसत्या मांडत नव्हते, दोरी लावून रांगा सरळ करत होते. आणि अकरा वर्षांत एकाही माणसाने, खुर्च्या छान लागल्यात हो, असं म्हटलं नव्हतं. त्यात यंदा मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. उभे राहणार दोघं, विजयराव आणि अनंतराव. अर्ज भरण्याची शेवटची वेळ व्याख्यानाच्याच रविवारी संध्याकाळी पाचची. एक व्याख्यान दणदणीत झालं की अध्यक्षपद आपलं, हे अनंतरावांनी बैठकीतून घरी येईपर्यंत ठरवूनही टाकलं.

त्यांनी ही बातमी बायकोला सांगितली. प्रमिलाबाई वाटाणे सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "बरं." अनंतरावांच्या मनात या बाईबद्दल एक जुना सल होता. तिच्या फोनला कुलूप होतं आणि त्याचा नंबर तिने नवऱ्याला कधी सांगितला नव्हता. अडतीस वर्षांचा संसार, दोघांची एक शिधापत्रिका, एक चष्म्याचं घर, आणि चार आकडे मात्र वेगळे. अनंतरावांनी एकदोनदा सहज म्हणून विचारलं होतं. तिनेही सहज म्हणून नाही म्हटलं होतं.

असो. अभ्यास सुरू झाला. अनंतरावांनी दोनशे पानी वही आणली, समास आखले, पानांना क्रमांक घातले आणि संज्ञा उतरवायला घेतल्या. फिशिंग म्हणजे गळ टाकून बसणं. यात चोराला काही अक्कल लागत नाही, मासे हुशार नसले की झालं. मालवेअर म्हणजे संगणकात शिरणारा उपद्रवी कार्यक्रम. असे तीन तर मंडळातच दरवर्षी होतात. रॅन्समवेअर म्हणजे तुमचीच फाइल कुलुपात घालून तुमच्याकडूनच खंडणी मागणं. यात अनंतरावांना नवल वाटलं नाही, फाइल अडवण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. टू-स्टेप व्हेरिफिकेशन वाचून मात्र त्यांचे डोळे पाणावले. एका खुणेवर भागायचं नाही, दुसरीही हवी. दोन सह्यांशिवाय त्यांच्या कार्यालयातून टाचणीसुद्धा निघत नसे, आणि जगाला हे आत्ता सुचलं होतं. नवव्या पानावर 'सोशल इंजिनिअरिंग' असा एक शब्द आला. इंजिनिअरिंग म्हणजे उमाळकरांचा प्रांत, या तिटकाऱ्याने त्यांनी तो वाचायच्या आधीच लाल शाईने खोडला. ही चूक लक्षात ठेवा.

एव्हाना बातमी फुटली होती आणि सल्ले यायला लागले होते. सल्ला देणाऱ्यांत पहिला नंबर अर्थातच वासंतीताईंचा. ज्याचं घर फुटतं तोच दुसऱ्याला कुलपं सुचवतो. त्यांचं म्हणणं, पासवर्डात देवाचं नाव असावं, म्हणजे राखणीची जबाबदारी वरच्यावर जाते. मंडळाचे सचिव श्यामराव पोफळी यांनी आपला पासवर्ड कोणी नेऊच शकत नाही असं छातीठोक सांगितलं, कारण तो त्यांनी चिठ्ठीवर लिहून फोनच्या कव्हराखाली चिकटवला होता. फोन गेला तर, असं अनंतरावांनी विचारलं. तर फोन गेल्याचं दुःख असेल, पासवर्डाचं कोण करतो, असं श्यामराव म्हणाले. विजयरावांनीही पडल्या पडल्या निरोप पाठवला की त्यांचा सगळीकडे एकच पासवर्ड आहे, कारण इंजिनिअरला प्रमाणीकरणाची शिस्त असते, ती कारकुनाला समजायची नाही.

कारकून हा शब्द अनंतरावांना लागला. त्यांनी ठरवलं, हे व्याख्यान हवेतलं व्हायचं नाही. आकडेवारी हवी, पुरावा हवा. आणि सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या माणसाला पुरावा हवा झाला की त्याला एकच गोष्ट सुचते. त्यांनी प्रपत्र काढलं.

एकवीस रकान्यांचं प्रपत्र. चोर लोक पासवर्ड बदलण्यासाठी कोणते प्रश्न विचारतात, ते त्यांनी इंटरनेटवर शोधलं आणि तेच प्रश्न क्रमाने मांडले, की आपल्या लोकांची उत्तरं किती कच्ची आहेत ते तरी कळावं. पूर्ण नाव. जन्मतारीख. आईचं माहेरचं आडनाव. जन्मगाव. पहिली शाळा. पाळीव प्राण्याचं नाव, मयत असल्यास तसा उल्लेख. आवडता पदार्थ. चौदावा रकाना, पासवर्ड बनवताना वरीलपैकी कशाचा आधार घेतला. पंधरावा, पासवर्ड कुठे लिहून ठेवता. सोळावा, त्या जागेची किल्ली कोणाकडे असते. खाली, 'वरील माहिती सत्य असून मी ती राजीखुशीने देत आहे' असं प्रतिज्ञापत्र, सही आणि पासपोर्ट आकाराचा फोटो. दोन प्रतींत.

तुम्ही म्हणाल, असलं कोण भरून देतं. तुम्ही कोटऱ्यातली मराठी मंडळी पाहिलेली नाहीत. सगळे पेन्शनर. दर नोव्हेंबरात स्वतः जिवंत असल्याचा दाखला भरून देणारी ही माणसं. रिकामा रकाना दिसला की यांना जेवण जात नाही. नसलेल्या माहितीसमोरसुद्धा 'निरंक' असं लिहून खाली रेघ ओढतील, पण जागा कोरी ठेवणार नाहीत. आठ दिवसांत बावन्न घरांची प्रपत्रं आली. सुवाच्य अक्षरात, फोटोसकट, काहींवर तर चौकोनी शिक्के. वासंतीताईंनी जागा पुरली नाही म्हणून वेगळा कागद जोडला. विजयरावांनी डोळ्यावर पट्टी असताना बायकोला मजकूर सांगून लिहवून घेतलं आणि अंगठ्याऐवजी सहीच केली, हे विशेष. वासंतीताईंना आलेल्या ज्या गोड फोनमुळे हे सगळं सुरू झालं होतं, त्याला जेमतेम पंधरवडा उलटला होता.

त्रेपन्नावं घर अनंतरावांचं स्वतःचं. त्यांनी आपलं प्रपत्र सर्वांआधी भरलं होतं. प्रमिलाबाईंनी मात्र कागद वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "माझ्या आईचं माहेरचं आडनाव तुम्हाला कशाला हवंय? अडतीस वर्षं तिच्या हातचं जेवलात, तेव्हा नाही विचारलंत."

अनंतरावांनी समजावलं की हे सुरक्षेसाठी आहे. सगळ्यांनी भरलंय. शेवटी, घरच्याच बाईने भरलं नाही तर माझी काय शोभा राहील, हेही बोलून दाखवलं. प्रमिलाबाईंनी कागदाची घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवली, डबा हलत होता म्हणून. मागच्या महिन्यात एका पोलिसी वेषातल्या माणसाने व्हिडिओ कॉल करून तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे असं दरडावलं, तेव्हाही ही बाई अशीच वागली होती. ठाण्यात फुलाफुलांचे पडदे कधीपासून लावता, असं तिने विचारलं आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. अनंतरावांच्या मते हे सगळं पद्धतीला धरून नव्हतं. अटकेला लेखी उत्तर द्यायला हवं होतं.

आता प्रती दोन आल्या होत्या, एक मंडळाची, एक व्याख्यात्याची. पण राखीव तिसरी प्रत नसेल तर ते कसलं कार्यालय? म्हणून अनंतराव गठ्ठा घेऊन टी. टी. नगरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथलं मशीन आठदहा वेळा अडकलं. काळपट, तिरक्या प्रती दुकानदाराने रद्दीच्या ढिगात टाकल्या. अनंतरावांनी चांगल्या प्रती तीन वेळा मोजून घेतल्या. बिघडलेल्या प्रती हा त्यांच्या कारकिर्दीत कधीच नोंदीचा विषय नव्हता. आणि ती रद्दी रोज सकाळी शेजारच्या पोहे-जिलबीच्या ठेल्यावर जाते, हे सगळ्या टी. टी. नगरला माहीत होतं, एका अनंतरावांना सोडून.

चौथ्या दिवशी विजयरावांची पट्टी सुटली. साकेत नगरहून परतताना त्यांनी बायकोला औषधाच्या दुकानात पाठवलं आणि स्वतः त्या ठेल्यावर जिलबी घेतली, जी त्यांना साखरेमुळे वर्ज्य होती. जिलबी खाऊन झाली. नव्या डोळ्याने त्यांनी पहिल्यांदा स्पष्ट काही वाचलं असेल, तर ते हातातल्या कागदावरचं स्वतःचं नाव. खाली आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा, कै. टिपू हा कुत्रा, आणि 'पासवर्ड देवघरातल्या पोथीत, किल्ली नाही, दार नुसतं लोटलेलं असतं'. फोटोतल्या कपाळावर पाकाचा डाग पडला होता. आवडता पदार्थ या रकान्यात मात्र 'घरचा साधा वरण-भात' असं होतं, आणि तेवढ्यात बायको औषधं घेऊन परत आली. तिथे पुढे काय झालं ते उमाळकरांच्या घरात कोणी सांगत नाही.

दुपारपर्यंत कोटऱ्यात हाहाकार. बावन्न घरांनी एका दिवसात सगळे पासवर्ड बदलले आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या चाळीसेक घरांना नवे आठवेनात. ज्यांनी लिहून ठेवले त्यांना जागा आठवेना. दोन दिवस कोटरा सुल्तानाबादेत कोणाला सुप्रभात मिळालं नाही, फुलं नाहीत, सूर्योदय नाही, सुविचार नाही. काही विचारी लोकांनी खासगीत कबूल केलं की ते दोन दिवस फार बरे गेले. पण उघडपणे सगळे अनंतरावांच्या नावाने खडे फोडत होते, आणि विजयराव सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार देऊन आले होते.

अनंतरावांना बोलावणं आलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, सगळी प्रपत्रं क्रमाने लावून फाइल, म्हणजे त्यांच्या भाषेत नस्ती, बांधली, वर अनुक्रमणिका जोडली आणि गेले. मनातून त्यांना खात्री होती की एवढी स्वच्छ नस्ती बघून कोणीही अधिकारी विरघळेल. समोर उपनिरीक्षक अपर्णा तिवारी म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी नस्ती पहिल्या पानापासून वाचली. मध्ये एकदा पाणी प्यायल्या. मग नस्ती मिटून त्यांनी विचारलं, "ये सब लोगों ने ख़ुद लिखकर दिया?"

"जी," अनंतराव अभिमानाने म्हणाले. "दो प्रतियों में."

बाईंनी नस्ती बाजूला सरकवली. मग म्हणाल्या की आम्ही ज्यांना पकडतो, तेसुद्धा एका वेळी इतकं विचारत नाहीत, त्यांना लाज वाटते. तुमचा हेतू वाईट नव्हता हे दिसतंय, म्हणून तक्रार इथेच मिटवते. सगळी प्रपत्रं मात्र नष्ट करायची. अनंतरावांनी नष्ट केल्याचं प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात द्यायचं ते विचारलं. बाईंनी कॅलेंडर बघितलं. त्या एवढंच म्हणाल्या की रविवारी व्याख्यान आहे ना, ते मी देईन. तुमचं कोरं प्रपत्र तेवढं लागेल.

झालं. दोनशे पानी वही, समास, संज्ञा, सगळं मुसळ केरात. रविवारी अनंतरावांनी सभागृहात जाऊन काय केलं असेल? खुर्च्या मांडल्या. दोरी लावली, रांगा सरळ केल्या. हात सवयीने काम करत होते, पण कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी एकदा डोळे पुसले.

सभागृह खचाखच भरलं होतं. दुसऱ्याची फजिती बघायला कोटऱ्यात कोणाचे गुडघे दुखत नाहीत. अपर्णाबाईंनी ते प्रपत्र हातात धरून उंच केलं आणि हिंदीत सांगायला सुरुवात केली, की चोर आजकाल यंत्र फोडत बसत नाही. तो माणसाशी बोलतो. माणूसच त्याला आतून कडी काढून देतो. याला सोशल इंजिनिअरिंग म्हणतात. शेवटच्या रांगेत अनंतरावांनी डोळे मिटले. नववं पान, लाल शाई. बाई पुढे म्हणाल्या, माझ्या नऊ वर्षांच्या नोकरीत सही आणि फोटोसकट माहिती देणारी वस्ती मी पहिल्यांदा बघते आहे. लोक खो खो हसले. ज्यांनी सह्या केल्या होत्या तेच जास्त हसत होते, आणि वळून वळून अनंतरावांकडे बघत होते. आपण हसतोय ते स्वतःला, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

मग बाईंनी विचारलं, प्रपत्र भरून दिलं नाही असं इथे कोणी आहे का. लोक माना वळवून शोधायला लागले. तिसऱ्या रांगेतून प्रमिलाबाई उठल्या. तुम्हाला धोका कसा कळला, असं बाईंनी विचारलं. प्रमिलाबाई तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाल्या की फिशिंग वगैरे मला काही समजत नाही. "पर जो जल्दी मचाता है, या डराता है, या बोलता है सबने दे दिया, उसको मैं कुछ नहीं देती. घरवाला हो तो भी."

टाळ्या पडल्या. शाल-श्रीफळ प्रमुख पाहुण्यांसाठी आणलं होतं, ते अपर्णाबाईंनी प्रमिलाबाईंना दिलं. शाल अनंतरावांनीच निवडून आणली होती.

पावणेपाच वाजले. श्यामरावांनी टेबल मांडून अध्यक्षपदाचे अर्ज वाटले, मंडळाच्या स्थापनेपासून चालत आलेला नमुना. विजयरावांनी पेन काढलं. आत्ताच पाऊण तास मान डोलावून ऐकलेला हा माणूस, त्याने नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, आईचं माहेरचं आडनाव लिहिलं, जन्मगाव, पहिली शाळा, सगळं धाडधाड, फोटो डकवला आणि अर्ज भिंतीवरच्या फलकावर सगळ्यांना दिसेल असा टाचायला देऊन मोकळा झाला. तोही त्या नमुन्याचाच नियम होता.

अनंतरावांनी नाव लिहिलं. पेन दुसऱ्या रकान्यावर गेलं आणि थांबलं. एवढं होऊनही उभं राहायचं त्यांनी ठरवलं होतं. अकरा वर्षांच्या खुर्च्यांचं काहीतरी व्हायला हवं होतं. पण हात पुढे जाईना. त्यांनी समोर बघितलं. प्रमिलाबाई शाल घडी करत होत्या आणि त्यांच्याकडे बघत नव्हत्या. अनंतरावांनी सही केली, तारीख घातली आणि मधले सगळे रकाने कोरे ठेवून अर्ज दिला. निरंक असंसुद्धा लिहिलं नव्हतं.

"खळतकर, हे रिकामं आहे," श्यामराव म्हणाले.

"राहू द्या."

"अपूर्ण अर्ज बाद होतो. तुम्हीच केलेला नियम आहे."

"माहीत आहे," अनंतराव म्हणाले.

श्यामरावांनी लाल शाईने शेरा मारला, 'उमेदवार माहिती दडवतो, सबब अर्ज नामंजूर'. पाच वाजता विजयराव उमाळकर बिनविरोध अध्यक्ष झाले. त्यांनी आभाराचं भाषण पस्तीस मिनिटं केलं आणि पहिला निर्णय जाहीर केला, की सुरक्षेच्या दृष्टीने सर्व सभासदांची संपूर्ण माहिती एका नोंदवहीत घेण्यात येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि खिशातली पेनं चाचपली.

खुर्च्या आवरून अनंतराव घरी आले. प्रमिलाबाईंनी ताट वाढलं. अर्ज बाद झाल्याचं त्यांना कळलं होतं, का झाला तेही. भाकरीवर तूप मात्र आज जरा जास्त पडलं. जेवताना मध्येच म्हणाल्या, "खुर्च्या छान लागल्या होत्या हो आज."

अनंतरावांचा घास हातातच राहिला. त्यांना वाटलं, आता हीच वेळ. ते हळूच म्हणाले, "अगं, आता तरी सांगशील का, तुझ्या फोनचा तो नंबर?"

"नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच अनंतरावांना सुरक्षित वाटलं, आणि ते पोटभर जेवले.